ऑट्लीच्या वहीतली चिकटलेली पानं

निमगावकरांच्या घरात नव्या सुनेची ओटी भरायची ती सतीच्या टाकासमोर. एकतीस वर्षांपूर्वी वीणाची ओटी तिच्या सासूबाईंनी, मधुमतीबाईंनी, भरली होती. आता सासूबाई एक्क्याऐंशीच्या, सासरे शशिकांतराव जाऊन सहा वर्षं झालेली, त्यामुळे ओटी भरण्याचा मान वीणाकडे आला होता. तिच्या मुलाचं, नकुलचं, लग्न पुढच्या शनिवारी लंडनमधल्या हॅरोच्या रजिस्ट्री ऑफिसात होतं. त्याच्या आधीच्या रविवारी स्टॅनमोरच्या घरी केळवण, आणि केळवणाला सारा पहिल्यांदाच सून म्हणून येणार होती.

सकाळी वीणाने टाक चिंचेने घासून लख्ख केला. अंगठ्याएवढी चांदीची पट्टी, तिच्यावर कोपरातून वर उचललेला बांगड्यांचा हात, दोन बाजूंना चंद्र आणि सूर्य. या हाताला घरात सगळे सतीआजी म्हणत. तिचं नाव काय होतं ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं कुणाला सुचलंही नव्हतं.

दिवाणखान्यात फायरप्लेसच्या वर सतीआजीचं चित्रही होतं. सॅम्युअल ऑट्ली नावाचा एक यॉर्कशरचा चित्रकार दोनशे वर्षांपूर्वी घोड्यावर रंगपेटी लादून दख्खनभर हिंडला होता. घाट, किल्ले, नद्या, लढायांच्या जागा असं काय काय काढून घेऊन गेला आणि इकडे आल्यावर त्यातून मोठमोठी तैलचित्रं केली. त्यातल्याच एका चित्राची छापील प्रत शशिकांतरावांना चौऱ्याहत्तर साली यॉर्कच्या एका जुन्या दुकानात मिळाली. खाली बारीक अक्षरांत निमगावचं नाव. घाटाच्या पायऱ्या, महादेवाचं देऊळ, पलीकडचा बसका डोंगर, सगळं त्यांच्या गावचं. मधोमध एक उंच, भरल्या अंगाची बाई चितेवर उभी, डोळे मिटलेले, एक हात आशीर्वादाला वर. ज्वाळासुद्धा कमळाच्या पाकळ्यांसारख्या अदबीने तिच्याभोवती उमललेल्या. शशिकांतरावांनी पुढची चाळीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला ते चित्र दाखवलं, घराण्याची वंशावळ टाइप करून काढली आणि तिच्या शेंड्यावर लिहिलं: सती, शके १७४८, पुत्र बाळाजी, वय चार, याचा सांभाळ दिरांनी केला. आपण सगळे त्या बाळाजीचे.

पुढच्या महिन्यात लीड्सच्या गॅलरीत ऑट्लीच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन लागणार होतं. योगायोग असा की वीणाच्या दिराची, अजयची, मुलगी अन्वी तिथेच कामाला होती. जुने कागद दुरुस्त करणं हे तिचं काम. प्रदर्शनासाठी घरचा टाक द्यायचा ठरला होता आणि उद्घाटनाला वीणाचा नवरा हरीश बोलणार होता. तो अनेस्थेटिस्ट, भाषणं द्यायची सवय नाही, म्हणून महिनाभर आधीपासून बाथरूममध्ये सराव चाललेला वीणा ऐकत होती.

अजय आणि अन्वी लीड्सहून गाडीने साडेअकराला आले. अजयचा घटस्फोट झाल्यापासून ही बापलेक जोडीच अशा कार्यांना यायची. अन्वी एरवी आल्या आल्या आजीच्या गळ्यात पडून आपल्या मोडक्या मराठीत बडबड सुरू करायची आणि मधुमतीबाई तिचे 'तो'चे 'ती' आणि 'ती'चे 'तो' करत राहायच्या. आज तिने आजीला वाकून नमस्कार केला आणि थेट किचनमध्ये येऊन वीणाच्या हातातून काकड्यांची पाटी घेतली. दिवाणखान्यात तिने पाऊलच टाकलं नाही. वीणाने तिला विचारलं, बरं नाही का? ती म्हणाली, झोप नाही झाली, काकू. अजयनेही दारातून दोनदा डोकावून लेकीकडे पाहिलं, जणू गॅसवर दूध ठेवलंय.

साराला नकुल स्टेशनवरून घेऊन आला. सारा लीड्सच्या हॉस्पिटलात डॉक्टर. क्रॉयडनला वाढलेली, आई कल्याणची, वडील वेल्श. मराठी तिला सगळी कळायची, बोलताना अडायची. हिरवी साडी नेसून आली होती आणि पदर सारखा चाचपत होती. वीणाने पाट मांडला, रांगोळी काढली. ताटात तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी घेतली. मधुमतीबाई खुर्चीत बसल्या. टाक चौरंगावर ठेवला.

तेवढ्यात हरीशचा फोन वाजला. गॅलरीची ईमेल होती. त्याने उभ्या उभ्या वाचली, मग चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा वाचली आणि अन्वीला विचारलं की हे काय आहे. निमगावच्या चित्राशेजारी लावायचा मजकूर नवीन पुराव्यामुळे बदलतोय आणि कुटुंबाने शुक्रवारपर्यंत आपलं म्हणणं कळवावं, असं त्यांनी लिहिलं होतं. कसला पुरावा?

अजय म्हणाला, "दादा, जेवणं झाल्यावर बोलू. आज नको."

म्हणजे अजयला माहीत होतं. हे हरीशच्या लक्षात आलं आणि मग तो थांबणं शक्यच नव्हतं. धाकट्या भावाला जे ठाऊक आहे ते आपल्याला नाही, ही गोष्ट त्याला लहानपणापासून सोसत नसे. त्याने पुन्हा विचारलं, या वेळी आवाज चढवून. अन्वीने बापाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि बॅगेतून टॅबलेट काढला.

ऑट्लीची प्रवासातली एक वही गॅलरीकडे होती, तीत निमगावची पानं होती. आधीची पानं वीणानेही मार्चमध्ये फोनवर पाहिली होती: नदीचं सकाळचं पाणी, घाटाच्या पायऱ्यांवर वाळत घातलेली धोतरं, एका चिंचेच्या झाडाची नुसती सावली. इतकी सुंदर जलरंगातली चित्रं की वीणाला वाटलं होतं, हा माणूस आपल्या गावावर प्रेम करत असणार. आता अन्वीने सांगितलं की त्यापुढची दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. आधी सगळ्यांना वाटलं, ओल लागली असेल. तिने उजेडावर धरून पाहिलं तर कडेने चारही बाजूंनी खळ लावलेली होती. नीट, ब्रशने. कुणीतरी मुद्दाम बंद केली होती. तिला ती पानं वाफेवर सैल करून, पातळ पट्टी सरकवत उघडायला चार दिवस लागले.

तिने टॅबलेट टेबलावर ठेवला. पेन्सिलीचं चित्र होतं, घाईघाईचं. गवताची एक खोप पेटलेली. पुढे पाणी, पाण्याशी एक आकृती पडलेली, आणि तिच्यावर वाकलेला माणूस. त्याच्या हातात लांब काठीसारखं काहीतरी.

"ती बाहेर आला होता, आजी," अन्वी म्हणाली. "दोनदा."

मधुमतीबाईंनी तिला दुरुस्त केलं नाही.

चित्राच्या कडेने तिरप्या अक्षरात ऑट्लीने टिपण लिहिलं होतं. अन्वीने ते इंग्रजीत वाचून दाखवलं. वीणाने इंग्रजीतच ऐकलं, पण पुढे जेव्हा जेव्हा आठवलं तेव्हा मराठीतच आठवलं. 'सकाळचे नऊ. मुलीचं नाव ठकू. वय सोळा सांगतात, मला तेराच्या वर वाटत नाही. खोपीत बसवून आग दिली. ती बाहेर आली. दिराने बांबूने आत ढकललं. पुन्हा बाहेर आली, पाण्यापर्यंत पळाली, मग वळून माझ्याकडे आली आणि माझ्या स्टुलाचा पाय दोन्ही हातांनी धरला. मी उठलो नाही. दिराने तिची बोटं सोडवली.'

 किचनमध्ये ओव्हन गार होताना टकटक आवाज करत होता. वीणाच्या हातात ओटीचं ताट तसंच होतं, त्यातला नारळ घरंगळून काठाला लागला होता. फायरप्लेसच्या वर ती उंच बाई डोळे मिटून आशीर्वाद देत उभी होती. तिच्याकडे बघायला वीणाची मान वळेना.

पहिला बोलला तो हरीश. त्याने आवाज खाली आणला होता, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतो तसा. हे गोरे लोक तेव्हा आपल्याला रानटी ठरवायला टपलेलेच होते, तो म्हणाला, असल्या गोष्टी लिहिल्या की इकडे पुस्तकं खपायची. एका माणसाच्या पेन्सिलीच्या चार ओळींवरून दोनशे वर्षांचं घराणं गॅलरीच्या भिंतीवर टांगायचं? आपलं आडनाव त्यातून काढायला सांगू आणि टाक द्यायचा नाही, एवढंच.

अन्वीने शांतपणे ऐकून घेतलं. मग ती इंग्रजीत म्हणाली की काका, तुमचं बरोबर आहे, त्यांनी तसं पुष्कळ लिहिलं. पण याने हे कुणाला दाखवलं नाही. लोकांना दाखवलं ते तुमच्या भिंतीवर आहे. हे त्याने खळ लावून मिटवलं.

अजय इतका वेळ खाली बघत होता. वाटेत तीन तास लेकीला त्याने हेच बजावलं होतं की लग्न होऊन जाऊ दे, मग सांग. आता तो उठून अन्वीच्या खुर्चीमागे उभा राहिला. "दादा, ती खरं बोलतेय. मी परवा जाऊन पानं बघून आलो. मला रात्रभर झोप आली नाही. नाव काढायला सांगू नकोस."

नकुलला बाप आणि काका यांच्यामध्ये सापडल्यासारखं झालं होतं. त्याने मध्यम मार्ग काढला: आजचा कार्यक्रम उरकू, जेवू, बाकी नंतर बघू. म्हणून त्याने साराला हळूच विचारलं की बसतेस ना पाटावर?

साराने पदर सोडून दिला होता. "मी सहा महिने बर्न्स वॉर्डला होते," ती म्हणाली. एकेक शब्द जुळवत, पण मराठीतच. "या घरात पहिल्यांदा आले तेव्हा ते चित्र बघितलं. तेव्हाच वाटलं होतं, असं कुणी उभं राहत नाही. कुणीच नाही. मी बोलले नाही, कारण तुम्ही सगळे इतके प्राउड होतात." ती वीणाकडे वळली. "वीणाकाकू, सॉरी. मी नाही बसणार."

 नकुल जाऊन तिच्या शेजारी उभा राहिला.

हरीशचा चेहरा लाल झाला. पण तो साराला काही बोलला नाही. पाहुण्याच्या मुलीला काय बोलणार. तो बायकोला म्हणाला, "वीणा, तू ओटी भर. बसेल ती. जेवणं गार होतायत."

सगळे वीणाकडे बघू लागले. या घरात एकतीस वर्षांत असे प्रसंग आले की शेवटी सगळ्यांच्या नजरा वीणावर येऊन थांबत, आणि वीणा सांभाळून घेत असे. ती कौन्सिलच्या हाउसिंग खात्यात होती. भांडणारी माणसं शांत करणं हेच तिचं दिवसभराचं काम. तिला वाटलं होतं, आत्ताही तोंडातून काहीतरी समजुतीचं निघेल.

निघालं ते भलतंच. "मी नाही भरणार," ती म्हणाली आणि ताट जेवणाच्या टेबलावर, भाताच्या भांड्याशेजारी ठेवून दिलं.

नकुल तीन वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. एका पार्टीहून घरी आल्यावर हरीशने तिच्यावर हात उचलला. एकदाच, त्यानंतर आजतागायत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ड्यूटीवर गेल्यावर तिने बॅग भरली. नागपूरचं तिकीट मैत्रिणीकडून बुक करून घेतलं. नकुलला बूट घालत होती तेव्हा मधुमतीबाई जिना उतरून आल्या. त्यांनी गालावरचा वळ बघितला, बॅग बघितली. रागावल्या नाहीत. तिचा हात धरून तिला या चित्रासमोर आणून उभं केलं आणि म्हणाल्या, ही बघ. हिने आग सोसली, तोंडातून शब्द काढला नाही. तू सतीच्या घरची सून आहेस, तुला एवढं सोसवेना? वीणा तेव्हा एकतीस वर्षांची होती. ती चित्राकडे बघत राहिली, आणि तिला खरोखरच लाज वाटली. तिने बॅग उघडून कपडे पुन्हा कपाटात लावले.

या खोलीत ही गोष्ट तिघांनाच माहीत होती. हरीशने मान फिरवली. वीणाने सासूबाईंकडे पाहिलं, आणि त्या आधीपासूनच आपल्याकडे बघतायत असं तिला दिसलं. चेहरा पांढरा पडला होता, ओठ किंचित उघडे. नजर काही लपवत नव्हती.

मग त्यांनी अन्वीला विचारलं, "अजून काय लिहिलंय?"

अन्वी म्हणाली, एवढंच.

"नाही. तू पान पूर्ण वाचलं नाहीस. मला खालच्या ओळी दिसतायत. इंग्रजी मला वाचता येतं, अक्षर लागत नाही एवढंच. वाच."

अन्वीने अजयकडे पाहिलं. अजयलाही हे माहीत नसावं, कारण तोही वाकून बघायला लागला. ती म्हणाली की खालची अक्षरं पुसट आहेत, कालच अल्ट्राव्हायोलेटखाली लागली, आणि तिने ती अजून कुणालाच सांगितली नव्हती. मग तिने वाचलं. 'लग्नाला वर्ष झालेलं नाही. मूलबाळ नाही. दिराचा मुलगा, बाळाजी, वय चार, माझी पेन्सिल मागत होता. मी त्याला ती दिली.'

नकुलला लगेच कळलं नाही. हरीशला कळलं, तो खुर्चीवर बसला. मधुमतीबाई मनातल्या मनात वंशावळ वरून खाली उतरत असाव्यात, कारण त्यांची बोटं मांडीवर एकेक मोजत होती. सती, पुत्र बाळाजी. बाळाजीचे रामचंद्र. रामचंद्रांचे विष्णू. तिथून शशिकांत, हरीश, नकुल.

"म्हणजे आपण तिचे नाही," त्या म्हणाल्या. "तिला कुणीच नव्हतं. आपण त्याचे. बांबूवाल्याचे."

त्या उठल्या. वीणाने आधाराला हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. भिंत धरून आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. केळवणाचं जेवण कुणी जेवलं नाही. सारा आणि अन्वीने मिळून सगळं डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवलं. निघताना हरीश अन्वीला दारापर्यंत सोडायलाही गेला नाही.

सोमवारी हरीशने गॅलरीला पत्र लिहिलं. आमचं आडनाव वापरू नये, टाक मिळणार नाही, मी बोलायला येणार नाही. पाठवण्याआधी त्याने ते वीणाला वाचून दाखवलं. तिने फक्त एवढंच विचारलं की आईंना विचारलंस का. तो म्हणाला, आईला यात ओढू नकोस, तिने कालपासून काही खाल्लेलं नाही. आणि मग लॅपटॉपच्या पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला, "नकुलला तू कधी सांगितलंस का? त्या दिवसाचं?"

"नाही."

"सांगणारेस?"

इतक्या वर्षांत तो त्या दिवसाबद्दल पहिल्यांदाच बोलत होता. वीणाला वाटलं होतं की असं कधी झालं तर आपल्याला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. ती म्हणाली की मला माहीत नाही, आणि कपडे मशीनमधून काढायला गेली.

मंगळवारी सकाळी मधुमतीबाई आंघोळ करून, पांढऱ्या केसांचा अंबाडा घालून किचनमध्ये आल्या, दोन टोस्ट खाल्ले आणि म्हणाल्या, लीड्सची दोन तिकिटं काढ. उद्याची. तुझी आणि माझी.

हरीशने सोडायला येण्याची तयारी दाखवली, डॉक्टर म्हणून प्रवासाला मनाईही करून बघितली. त्यांनी त्याला सांगितलं की तू ऑपरेशनं सोडून येऊ नकोस.

किंग्ज क्रॉसहून गाडी सुटली. पीटरबरो गेलं, ग्रँथम गेलं, त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. शशिकांतरावांबरोबर पहिल्यांदा या देशात आल्या तेव्हा याच रुळांवरून लीड्सला गेल्या होत्या, नव्या नवरीच्या वयाच्या. तिकडे हॉस्पिटलात शशिकांतरावांची नोकरी होती. ते सगळं त्या एरवी सांगत. आज सांगितलं नाही. डॉनकॅस्टरच्या पुढे गाडी हळू झाली तेव्हा त्यांनी वीणाकडे वळून एकदम सांगितलं.

"त्या दिवशी मी तुला जे सांगितलं ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं, पण खोटंच होतं. मला माझ्या सासूने तेच सांगितलं होतं, तिला तिच्या सासूने."

त्यांनाही कशासाठी सांगावं लागलं होतं, हे वीणाने विचारलं नाही. शशिकांतराव वीणाशी नेहमी मऊ बोलत. त्यांचा फोटो तिच्या डोळ्यांपुढे आला आणि तिला धसकाच बसला. ती सासूबाईंकडे बघत राहिली. एरवी अशा वेळी ती 'असू दे हो आई' म्हणाली असती. ते शब्द जिभेपर्यंत आले होते. तिने ते गिळले.

"मी राहिले नसते, आई," ती म्हणाली.

"हो," मधुमतीबाई म्हणाल्या. "मला माहीत आहे."

 लीड्सला उतरताना त्यांनी तिचा हात धरला, आणि प्लॅटफॉर्म संपेपर्यंत सोडला नाही.

अन्वीची कामाची खोली गॅलरीच्या वरच्या मजल्यावर होती. उत्तरेकडची मोठी खिडकी, स्वच्छ टेबलं, कुठेही पाण्याचा ग्लास नाही. तिने दोघींना हात धुवायला लावले. वही उशीसारख्या आधारावर उघडी ठेवली होती. टॅबलेटवर मोठं दिसलेलं पान प्रत्यक्षात तळहाताहून थोडंच मोठं होतं, हे बघून वीणा चपापली. कडेला खळीचा पिवळट पट्टा अजून दिसत होता. आणि टॅबलेटवर जे कळलं नव्हतं ते इथे कळलं: ऑट्लीने त्या आकृतीला चेहरा दिला होता. बाकी माणसं नुसत्या रेघा. हिचे मात्र कानामागचे कुरळे केस, पुढे आलेले दोन दात, उघडं तोंड, सगळं काढलेलं. ती सरळ कागदाबाहेर बघत होती. म्हणजे त्याच्याकडे. तो तेव्हाही पेन्सिल चालवतच होता.

मधुमतीबाई वाकल्या, चष्मा पुसला, पुन्हा वाकल्या. वीणाला वाटलं त्या रडतील. त्यांचा श्वास जोरात चालला होता, पण डोळे कोरडे होते.

"आम्ही हिला आजी म्हणायचो," त्या म्हणाल्या. "अगं, ही शाळेतली पोर आहे."

अन्वीने भिंतीवर लावायच्या मजकुराचा छापील कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि हलक्या आवाजात सांगितलं की काकाचं पत्र आलंय. आडनाव काढायचं असेल तर आजच सांगावं लागेल, शुक्रवारी छपाई आहे. मधुमतीबाईंनी तो कागद दोनदा वाचला. ठकूचं नाव होतं, वय होतं, स्टुलाची ओळसुद्धा होती. मग त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. तिथे नुसतं 'दीर' असं होतं.

"याचं नाव का नाही?"

"त्याचा नाव ऑट्लीने लिहिला नाही, आजी. कुणालाच माहीत नाही."

"त्याचं नाव," मधुमतीबाईंनी दुरुस्त केलं. मग पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला. शशिकांतरावांनी टाइप केलेली वंशावळ होती. अगदी वर, सतीच्या शेजारी कंसात, ज्याने बाळाजीचा सांभाळ केला त्याचं नाव होतं. घरात ते नाव इतक्या आदराने घेतलं जायचं की शशिकांतराव त्यापुढे 'कैलासवासी' लावायलाही विसरले नव्हते.

"पेन घे. धोंडो महादेव निमगावकर. पूर्ण लिही, आडनावासकट."

अन्वी लिहू लागली. तिचा हात थांबला. तिने विचारलं की काका काय म्हणेल, आणि नकुलच्या लग्नाला तीनच दिवस राहिलेत. वीणाला तीच भीती वाटत होती. हरीशचा चेहरा, लग्नाच्या हॉलमध्ये जमणारे महाराष्ट्र मंडळाचे लोक, ते प्रदर्शनाला येतील तेव्हा काय वाचतील, ते सगळं तिला दिसत होतं. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. विचारलं काहीच नाही. नुसत्या थांबल्या.

"लिही, अन्वी," वीणा म्हणाली. "हरीशला मी सांगेन. नकुललाही मीच सांगेन, त्याला सांगायचं ते सगळं."

अन्वीने लिहिलं. मग तिने विचारलं की यांचं आपल्याशी नातं काय लिहायचं. ज्यांनी माहिती दिली त्यांचं नातं लिहायची पद्धत आहे. मधुमतीबाईंनी तिच्या हातातून पेन घेतलं. या देशात येऊन त्यांना पंचावन्न वर्षं झाली होती, पण इंग्रजी लिहायची वेळ फार कधी आली नव्हती. टेबलाचा काठ धरून, एकेक अक्षर सुटं काढत, त्यांनी धोंडो महादेवांच्या नावापुढे स्वतः लिहिलं: आमच्या पणजोबांचे वडील. आणि त्याखाली सही केली.